मदत हवी आहे : पेकिंगचे रॉकफेलर महाविद्यालय आणि पुण्याचा धागा

नमस्कार. अमेरिकी देणग्यांतून आशियात पाश्चात्त्य वैद्यक कसे रुजले, यावर मी लेख लिहीत असून त्यासाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे.

१९१३ साली स्थापन झालेल्या रॉकफेलर फाउंडेशनने पुढच्याच वर्षी चायना मेडिकल बोर्ड उभे केले आणि मिशनऱ्यांकडचे पेकिंगमधील (आजचे बीजिंग) वैद्यकीय महाविद्यालय १९१५ मध्ये आपल्याकडे घेतले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयाचा कित्ता गिरवणाऱ्या या संस्थेच्या नव्या इमारती एका राजपुत्राच्या वाड्याच्या जागी बांधल्या गेल्या. वर हिरव्या झिलईची चिनी कौले, आत मात्र अध्यापन इंग्रजीतून! इतका पैसा मोजक्याच विद्यार्थ्यांवर खर्च करणे मला व्यक्तिशः पटत नाही, पण याच महाविद्यालयातील जॉन ग्रँट यांनी १९२५ मध्ये शहराच्या एका भागात आरोग्य केंद्र काढून जन्ममृत्यूच्या नोंदी आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था सुरू केली, हेही विसरता येत नाही. पुढे ग्रँट कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे संचालक झाले आणि भारताच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीवरही होते.

आता नेमके विचारायचे ते असे. १९५२ मध्ये याच फाउंडेशनच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील सुरुवातीच्या वर्षांविषयी मराठीत आठवणी किंवा लेख कोणाच्या वाचनात आले आहेत का? तसेच ग्रँट यांचे भारतातील अहवाल मुंबई-पुण्यातील कोणत्या ग्रंथालयात पाहायला मिळतील, हे कृपया कळवावे.