शब्दचर्चा: फ्रॅक्टलला 'ढेकूळ' म्हणावं का?

परभणीहून: बी.एस्सी.च्या लेकरांसाठी मराठीत टिपणं काढतोय आणि फ्रॅक्टलपाशी, म्हणजे जिचा बारका तुकडाही अख्ख्या आकृतीसारखाच दिसतो अशा आकृतीच्या नावापाशी, अडलोय. मागं 'अपूर्णाकृती' लिहिलं, तर एकानं विचारलं, "सर, मग ती पूर्ण कधी होती?" चूक माझीच. मांडेलब्रॉट या गणितज्ञानं 1975 साली हा शब्द लॅटिन 'फ्रॅक्टस'वरून घडवला. फ्रॅक्टस म्हणजे फुटलेलं. अपुरेपणा त्यात नाही. 'भग्नाकृती' म्हणावं तर डोळ्यांपुढं वेरूळची नाक तुटलेली मूर्ती येते.

मला ढेकूळ सुचतंय. नांगरलेल्या काळ्या रानातलं ढेकूळ फोडलं की लहान ढेकळंच निघतात, तशीच खडबडीत. फुटणंही आलं, मूळ ढेकळासारखं दिसणंही आलं.

लातूरहून: फ्रॅक्टल आकाराची तार अँटेनातही वापरतात; तिथं 'ढेकूळ अँटेना' म्हणलं की वर्ग हसलाच! आणि तिथं फुटणं नसतंच, दुमडणं असतं. फॉन कॉख या गणितज्ञाची 1904 ची रेषा बघा. 3 सेंमी तारेचा मधला तिसरा हिस्सा काढायचा, त्याजागी तेवढेच दोन हिस्से शेंड्यासारखे उभे करायचे. टोकं जागच्या जागी, तार झाली 4 सेंमी. पुन्हा तसंच केलं की 5.33. अँटेनाची लांबी लहरीच्या मापात लागते आणि फोनात जागा नसते, म्हणून हा खटाटोप. (साधी नागमोडी तारही पुष्कळदा तेवढंच काम देते, हेही लेकरांना सांगा.) मी तर 'घडीदार' म्हणतो.

परभणीहून: घडी धोतराचीही असते हो, पण घडीच्या पोटात पुन्हा तशीच घडी कुठं असते? शिवाय कॉम्प्युटरच्या चित्रओळखीत 'घडी' चालत नाही. मे महिन्यातल्या भेगाळलेल्या रानाचा फोटो घ्या, त्यावर चौकोनी घरांची जाळी टाका आणि भेग किती घरांतून जाते ते मोजा. आता घराची बाजू निम्मी करा. सरळ बांधाची घरं दुप्पट होतात, भरीव डागाची चौपट. भेगांचं उत्तर मधेच कुठंतरी येतं. दुपटीची मिती (डायमेन्शन) 1, चौपटीची 2; समजा तिप्पट आलं, तर मिती 1.58. कॉम्प्युटरला भेग कळत नाही, हा आकडा कळतो. माणसानं आखलेलं आणि आपोआप तडकलेलं वेगळं काढायला तो कामी येतो.

नांदेडहून: सरळ 'फ्रॅक्टल' ठेवा. गच्चीवर चढून काठी फिरवताना 'अँटेना'ला मराठी शब्द कुणी शोधला होता? 'मिती' तेवढी सोडू नका.

परभणीहून: बरं. शब्द फ्रॅक्टल, पहिलं उदाहरण ढेकूळ. आता जाळीची घरं मोजायच्या त्या रीतीला, बॉक्स काउंटिंगला, 'घरमोजणी' लिहिलं तर जनगणना वाटेल का?