मदत हवी आहे: ट्रॅक्टर लय धूर मारतोय, पेरणी तोंडावर आलीय

काळं_रान
नमस्कार मंडळी. दहा-बारा दिवस झालं ट्रॅक्टर लय धूर मारतोय. आधी थोडा मारायचा, आता चालू केला की सगळं अंगण भरतं, आईला खोकला लागतो. गावातला मिस्त्री येऊन बघून गेला, ऑइलचं झाकण काढलं तर तिथनं पण धूर, म्हणाला इंजिन गेलं, पिस्टन-लायनर टाकावं लागंल, ४५ हजार धरून चाला आणि आठ दिवस ट्रॅक्टर सोडा. माझ्याकडं आठ दिवस नाहीत. हस्ताचा पाऊस चांगला झालाय, चार दिवसात वाफसा येतोय, मंगळवेढ्याच्या बाजूला ११ एकर मालदांडी ज्वारी पेरायची आहे. इंजिन न खोलता काही उपाय असंल तर लवकर सांगा. डिझेल फवारणारे नोझल मागच्या वर्षी केलेत.

नाना_पंपवाले
दादा, धुराचा रंग सांगा आधी. काळा, निळा का पांढरा? किती एचपी, कोणतं मॉडेल, डिझेलचा पंप रोटरी का लाइनीतला? धूर सकाळी थंड असताना जास्त का लोडवर? ऑइल किती खातो? एवढं कळल्याशिवाय लांबून काही सांगता येत नाही.

ऊसवाला_नीरा
झाकणातनं धूर म्हणजे बॅक कॉम्प्रेशन, सिलिंडरचा दाब खाली ऑइलच्या चेंबरमधे उतरतोय, विषय संपला. पिस्टनच्या रिंगा गेल्या. माझ्या ट्रॅक्टरला हेच झालं होतं, मी कारखाना सुरू व्हायच्या आधी ढकलत ढकलत चालवला आणि ऐन सीझनमधे भरलेल्या ट्रॉलीसकट चढावर बसला. शेवटी क्रँक पण घासावा लागला, दुप्पट खर्च. मिस्त्री बरोबर सांगतोय, पिस्टन-लायनर बदलून हाफ इंजिन करून टाका.

माळशिरसकर
पेरणीपुरतं चालवायचं असेल तर जाड ऑइल टाका. २०डब्ल्यू४० असेल तर काढून २०डब्ल्यू५० टाका, धूर निम्मा होतो. मी दोन सुग्या काढल्या आहेत असं करून.

ऊसवाला_नीरा
जाड ऑइल म्हणजे दुखणं झाकणं. सकाळी थंडीत ते वर चढेपर्यंत बेअरिंग कोरडी फिरतात. असले सल्ले देऊ नका, बिचाऱ्याचं इंजिन जाईल.

माळशिरसकर
माझं गेलं नाही ना. तुम्ही तुमचा अनुभव सांगा, मी माझा सांगतो.

काळं_रान
तीन सिलिंडर आहे, ३५ एचपी, ९७ चं मॉडेल, पंप रोटरी. वडिलांनी घेतलेला. आवरमीटर कधीचं बंद आहे त्यामुळं तास विचारू नका. धूर पांढरट निळा आहे, डोळ्याला झोंबतो. सकाळी जास्त पण दिवसभर पण असतोच. आणि ऑइल खात नाही, त्याची काळजी नाही, काल ऑइल मोजायची पट्टी बघितली तर फुलच्या वर आहे. मला फक्त पेरणी निघेल का एवढं सांगा.

तिफण
दादा, चार दिवस म्हणून घाई नका करू, वाफसा नीट येऊ द्या, काळ्या रानात ओल्यात पाभर (पेरायचं अवजार) घातली की माती चोपून बसते आणि उगवण मार खाते. बियाणं एकरी ४ किलो पुरे, ४ ते ५ सेंटीमीटरच्या खाली नको. आणि काणी रोगासाठी ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम चोळायला विसरू नका. ट्रॅक्टर नसला तर बैलाच्या तिफणीनं पेरा, ज्वारी उलट चांगली येते.

नाना_पंपवाले
थांबा थांबा. ऑइल फुलच्या वर आहे म्हणता. शेवटचं ऑइल कधी टाकलं?

काळं_रान
बदलून अडीच महिने झाले. तेव्हा बरोबर फुलपर्यंत होतं. वरून एक थेंब टाकला नाही. म्हणून तर म्हणतोय ऑइलचा प्रॉब्लेम नाही.

@तिफण भाऊ, बैल चार वर्षांपूर्वीच विकले.

नाना_पंपवाले
दादा, प्रॉब्लेम तिथंच आहे. तुम्ही टाकलं नाही आणि इंजिन धूर मारतंय, म्हणजे पट्टी खाली जायला पाहिजे होती. ती वर चढलीय म्हणजे आत दुसरं काहीतरी मिसळतंय. पाणी नाहीतर डिझेल. आत्ता लगेच ट्रॅक्टर बंद करा आणि मी सांगेपर्यंत चालू करू नका, आवाज चढवून बघू पण नका.

कारण सांगतो. डिझेल मिसळून ऑइल पातळ झालं की ते रिंगांवरून सहज वर चढतं आणि जळतं, म्हणून निळा-पांढरा धूर. चेंबरमधे डिझेलची वाफ धरते, म्हणून झाकणातनं पण धूर. त्यामुळं लेव्हल न बघता बघितलं तर रिंगा गेल्यासारखंच दिसतं. आणि लेव्हल फार वाढली तर इंजिन ते ऑइलच डिझेल म्हणून ओढायला लागतं, मग स्टॉपची वायर ओढली तरी बंद होत नाही, आवाज चढतच जातो. मी आमच्या गॅरेजपुढं असं एक इंजिन बघितलंय, आम्ही ओल्या गोणपाटाचा बोळा हवेच्या तोंडात कोंबला तेव्हा थांबलं. परत तोंडापुढं कधी उभं राहिलो नाही.

आता हे करा. पट्टी काढून वास घ्या. एक थेंब वर्तमानपत्रावर टाका, अर्धा तास ठेवा. आणि रेडिएटरचं पाणी कमी होतं का ते सांगा.

ऊसवाला_नीरा
हेड गास्केट पण असू शकतं. पाणी ऑइलमधे गेलं की लेव्हल वाढते, पांढरा धूर येतो. कसंही करा, हेड काढावंच लागणार.

नाना_पंपवाले
पाणी असतं तर ऑइल चहाच्या सायीसारखं दुधाळ झालं असतं. तापल्या तव्यावर थेंब टाकला की तडतडतो. हेड काढायच्या आधी हे बघायला काय जातंय? फुकट आहे.

जुना_गडी
जुन्या ट्रॅक्टरचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडं एचएमटी २५११ होता, दोन सिलिंडर, हरियाणात पिंजोरला बनायचा, झेटर या चेक कंपनीचं तंत्र. १९७१ ला तिथं ते काम सुरू झालं. त्याचा आवाज दोन शेतं पलीकडून ओळखू यायचा. २०१६ मधे कंपनीचा ट्रॅक्टरचा धंदाच बंद झाला, आता स्पेअरसाठी भंगार बाजार पालथा घालावा लागतो. तरी इंजिन कधी खोललं नाही २२ वर्षं. जुनं लोखंड ते जुनं लोखंड.

पुणेकर_शेती
९७ चं मॉडेल म्हणजे आता विकून टाका राव. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाचा अर्ज भरा, अनुदानात नवीन बसतो. सातबारा, आठ अ, आधार, बँक पासबुक तयार ठेवा.

काळं_रान
अनुदान मिळेपर्यंत ज्वारी मोडायला येईल. आणि हा ट्रॅक्टर विकायचा नाही, त्याच्यावर दोन बहिणींची लग्नं निघालीत.

नाना, पट्टीचा वास घेतला, चक्क डिझेलचा वास येतोय. आईला दिला वास, तिनं पण रॉकेलसारखं वाटतंय म्हणून सांगितलं. पेपरवर थेंब टाकला, मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती रुपयाच्या दुप्पट पातळ तेलकट कडा पसरली, खालची अक्षरं त्यातनं दिसतात. बोटावर चोळलं तर ऑइलची चिकट तारच येत नाही. रेडिएटरचं पाणी काठोकाठ आहे, तव्यावर थेंब तडतडला नाही, नुसता धूर झाला. पण आत डिझेल जातंय कुठनं? टाकी तर वर आहे.

नाना_पंपवाले
शाब्बास, आता कळलं. तीन जागा आहेत. पहिली फीड पंप, टाकीतनं डिझेल ओढून पुढं देतो तो, इंजिनच्या कुशीला कॅमवर चालतो, त्याचा डायफ्राम म्हणजे आतला पडदा फाटला की डिझेल सरळ ऑइलमधे. टाकी वर आहे म्हणून तर ट्रॅक्टर बंद असतानाही जातं, तुमची लेव्हल रात्रीत पण वाढत असणार. दुसरी, रोटरी पंपाच्या शाफ्टचं ऑइल सील, तिथनं टायमिंगच्या बाजूनं जातं. तिसरी, एखादं नोझल थेंब थेंब गळतंय. नोझल मागच्या वर्षी केलेत म्हणून ते शेवटी.

आधी टाकीचा कॉक बंद करा. फीड पंप सोडवा, पण पाइप जोडलेलेच राहू द्या, पाइप आखूड पडत असतील तर रबरी नळी लावा. पंप परातीत धरा, कॉक उघडा, हाताचा लिव्हर वीस-पंचवीस वेळा मारा. लिव्हरच्या हाताच्या बाजूनं, म्हणजे जी बाजू इंजिनात जाते तिथनं डिझेल ठिबकलं की डायफ्राम गेला. कोरडं राहिलं तर रोटरी पंप काढून पंपवाल्याकडं न्या, ते घरी खोलायचं काम नाही.

ऊसवाला_नीरा
मी परत सांगतो, २७-२८ वर्षांचं इंजिन आहे, रिंगा पण गेल्याच असणार. डायफ्राम बदलून धूर पूर्ण जाणार नाही.

नाना_पंपवाले
गेल्या असतीलही. पण ४५ हजाराचं काम करून डायफ्राम तसाच राहिला असता तर नवीन लायनर परत डिझेलनंच धुतलं गेलं असतं. आधी हे.

काळं_रान (दुसऱ्या दिवशी)
नाना, ठिबकलं! बाराव्या-तेराव्या वेळेलाच परातीत थेंब पडायला लागले, मग धारच. पंप खोलला तर डायफ्रामला कडेला नखाएवढी चीर, उजेडाला धरली की आरपार दिसते. पंढरपूरला किट मिळालं, साडेतीनशे रुपये. ऑइल काढलं तर सात लिटरच्या जागी नऊच्या वर निघालं, पाण्यासारखं धावत होतं. फिल्टर पण बदलला, २०डब्ल्यू४० च टाकलं. डिझेलच्या लाइनीतली हवा काढायला तासभर गेला, फिल्टरचा बोल्ट, मग पंपाचे, मग नोझलचे पाइप ढिले करून.

चालू केला तर दहा मिनिटं जुनं जळत होतं, मग अंगण मोकळं. आई बाहेर येऊन बघून गेली. ऊसवाला भाऊंचं पण थोडं खरं आहे, सकाळी पहिल्या मिनिटाला निळसर झाक येते. ज्वारी निघाली की उन्हाळ्यात इंजिन बघतो.

माळशिरसकर
मग ती झाक घालवायला २०डब्ल्यू५०...

नाना_पंपवाले
नको आत्ता. दादा, एकच काम. पट्टीवर आजच्या लेव्हलला खूण करा. पाच-सहा तास पेरणी करा, रात्रभर उभा राहू द्या आणि सकाळी चालू करायच्या आधी बघा. खुणेच्या वर केसभर जरी चढली तरी थांबायचं, मग शाफ्टचं सील. आणि जुनं ऑइल आत फिरलंय तर हे पन्नास तासात परत काढा. बेअरिंगचा ठोका ऐकू येतो का तेही लक्ष ठेवा.

काळं_रान
करवतीच्या पात्यानं बारीक रेघ मारलीय पट्टीला. पाभर जोडली, गंधक चोळून बियाणं सावलीत ठेवलंय. उद्या सकाळी रेघ बघून लिहितो.