भावासाठी मानसोपचार आणि तातडीची मदत कशी शोधावी?

रानवारा
माझा धाकटा भाऊ, वय २४. गेले काही आठवडे त्याची झोप उडाली आहे, जेवणावर वासना नाही, मित्रांचे फोन उचलत नाही. परवा सहज बोलल्यासारखं म्हणाला, "मी नसतो तर तुमची सगळ्यांची काळजी मिटली असती." आईबाबा म्हणतात कामाचा ताण आहे, निघेल यातून. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जात नाही. मानसोपचारतज्ज्ञ गाठावा की समुपदेशक? चांगला कसा ओळखायचा? आणि रात्री-अपरात्री काही बिनसलं तर फोन कुणाला करायचा? जाणकारांनी कृपया सांगा.

निशिगंध_
रानवारा, ते वाक्य अजिबात सोडून देऊ नका. डॉक्टर शोधाच, पण त्याआधी आजच त्याच्याशी बोला. आडवळणाने नको, थेट विचारा: "जीव द्यावासा वाटतोय का तुला?" विचारलं तर नसलेला विचार मनात भरेल, ही भीती बहुतेक घरांत असते. यावर पुरेसे अभ्यास झाले आहेत, विचारल्याने धोका वाढत नाही. उलट बोलायला वाट मिळते. फक्त "तू असं काही करणार नाहीस ना?" असं विचारू नका. त्याला "नाही" एवढंच उत्तर येतं आणि विषय तिथेच मिटतो.

"हो" म्हणाला तर पुढे विचारा, काही ठरवलं आहे का? ठरवलं असेल तर एक क्षणही एकटं सोडू नका, जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. मानसिक त्रासासाठीही तिथे जाता येतं. ठरवलेलं नसलं तरी जास्तीच्या गोळ्या, कीटकनाशकं वगैरे आजच घरातून हलवा. ती टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळच टिकते. तेवढ्यात साधन हाती लागलं नाही तर माणूस वाचतो.

फोनसाठी: भारतात टेली-मानस, १४४१६. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स, ११६ १२३. घरच्यांनीही फोन केलेला चालतो, तेव्हा तुम्ही स्वतःच आज करा आणि परिस्थिती सांगा.

पाणपोई
वरच्या प्रतिसादाला +१. तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल: मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर, औषधं देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. झोप आणि भूक दोन्ही गेली आहे, त्यात ते वाक्य, म्हणून माझं मत आधी मानसोपचारतज्ज्ञ. वेळ लवकर मिळत नसेल तर तोवर नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, थायरॉइडसारखी कारणंही तपासली जातील. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो, तिथेही चौकशी करा.

नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. फरक नाही म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. भावाचं वय २४ आहे म्हणून मुद्दाम सांगते: पंचविशीच्या आतल्यांमध्ये औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर सुरुवातीच्या काळात मरणाचे विचार वाढू शकतात. औषध टाळायचं हे कारण नव्हे. लक्ष ठेवायचं, आणि बेचैनी वाढली तर लगेच कळवायचं.

चांगला कोण? जो त्याच्याशी एकट्याशीही बोलतो, मरणाच्या विचारांबद्दल स्वतःहून विचारतो, आणि दवाखाना बंद असताना काय करायचं ते नीट सांगतो. हमखास बरं करण्याची खात्री देणाऱ्यापासून लांब राहा.

अबोली७
माझ्या बहिणीच्या वेळी तिच्या समुपदेशकाने तिच्याकडून एक सुरक्षा आराखडा लिहून घेतला होता. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी बांधलेली पद्धत आहे ती. आपला तोल जायला लागला हे कशावरून ओळखायचं, तेव्हा एकटीने काय करायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, मदत कुणाकडे मागायची, डॉक्टरांचे आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि घरातून काय हलवायचं. बहिणीने पहिल्या ओळीत लिहिलं होतं, "दिवसाही पडदे ओढून घेते." कुणाकडे बसायचं तिथे मामीचं नाव, कारण मामी काही विचारत नाही, नुसतं कामाला लावते. आम्हाला हे कधी सुचलं नसतं, म्हणून तो कागद ज्याचा त्यानेच लिहायला हवा. तिने मोबाइलमध्ये त्याचा फोटोही ठेवला होता.

रानवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, विचार येतात, पण काही ठरवलेलं नाही. गोळ्यांचा डबा मी माझ्याकडे घेतला आहे. पण डॉक्टरचं नाव काढलं की "मला वेड लागलेलं नाही" म्हणतो. आता काय करू?

निशिगंध_
विचारलंत, फार चांगलं केलंत. झोपेवर बोला. "झोप येत नाहीये, त्यासाठी दाखवू, मी सोबत येते," एवढंच. त्रास खराच आहे, त्यामुळे यात फसवणूक नाही. वेळ तुम्हीच घ्या, आणि सध्या एकाच भेटीचं बोला. तरीही अडला तर तुम्ही एकट्या जाऊन डॉक्टरांचा सल्ला घ्या. मात्र काही ठरवल्याचं जाणवलं, तर त्याच्या होकाराची वाट न बघता तातडीचा विभाग.

जाताना लिहून न्या: झोप कधीपासून गेली, जेवण किती, आधीची औषधं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, आणि ते वाक्य त्याच्याच शब्दांत. आई किंवा बाबांना बरोबर घ्या. "निघेल यातून" हे मत डॉक्टरांसमोर बसल्यावर बदलण्याची शक्यता जास्त आहे, आणि घरी त्याच्याजवळ आळीपाळीने थांबायला तुम्हाला त्यांची गरज लागणार आहे.