देवाने माफ केलं, पण आईला कुणी विचारलं?

नगरची_लेक

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आम्ही नगरचे, मिशन कंपाउंडात वाढलेले. पप्पा प्यायचे, आईला मारायचे. मी चौथीत असताना पप्पा घर सोडून सोलापूरला गेले आणि तिकडे दुसरा संसार थाटला. आईने बालवाडीत नोकरी करून आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. २०१६ मध्ये ती गेली. तोवर त्यांचा ना पैसा आला, ना फोन.

आठ महिन्यांपूर्वी ते परत आले. किडन्या निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दारू सुटलीय, हे मात्र खरं. एका फेलोशिपमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या मंडळीत, त्यांचं तारण झालं, पाण्यातला बाप्तिस्मा झाला आणि मग आमच्याच चर्चमध्ये उभं राहून त्यांनी साक्ष दिली. मी महापापी होतो, प्रभूने सगळं धुऊन टाकलं, वगैरे. मंडळीतले लोक रडले. मी तिसऱ्या बाकावर बसून आईचं नाव कधी येतंय याची वाट बघत होते. नाही आलं.

आता चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, येत्या रविवारी पुढे ये, सगळ्यांसमोर पप्पांना मिठी मार. नाहीतर प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, घेऊ नकोस, कारण अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट कर असं बायबलात मत्तय ५ मध्ये सांगितलंय.

मार आईने खाल्ला. मी कुणाच्या वतीने माफ करायचं?

वसईचा_म्हातारा

बाय, राग येईल तुला, तरी लिहितो. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे राणी मारिया या सिस्टरची, म्हणजे जोगिणीची, गोष्ट घरोघरी माहीत आहे. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरजवळ भर बसमध्ये तिला भोसकून मारलं. मारेकरी समंदर सिंह तुरुंगात गेला. २००२ मध्ये राणी मारियाची सख्खी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. २००६ मध्ये तो सुटला, पुढे केरळला तिच्या घरी जाऊन आईवडिलांना भेटला. २०१७ मध्ये इंदूरला तिला धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं तेव्हा तोही हजर होता. त्या बहिणीने विचारलं का, वार ताईवर झाले, मी कोण माफ करणारी? आपल्या वाटचं दुःख आपलंच असतं. तेवढं तरी तू सोडू शकतेस.

स्पष्टवक्ता

मी कोणताच धर्म मानत नाही, म्हणून मला सरळ दिसतं ते लिहितो. ज्याने मारलं तो साक्ष देऊन मोकळा आणि जिने सोसलं तिच्या लेकीवर प्रभुभोजनाची बंदी. ही क्षमा नव्हे, वसुली आहे, आणि तीही उलट्या दिशेने. म्हातारेबुवांच्या गोष्टीतला मारेकरी अकरा वर्षं आत होता, हे विसरू नका. १९९९ मध्ये ओडिशात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्सनी माफ केलं, पण म्हणून खटला थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये कायम केली. या ताईंच्या वडिलांना कुठली शिक्षा झाली?

सियोन_सेवक

शिक्षा येशूला वधस्तंभावर झाली. हेच तर शुभवर्तमान आहे, पण विश्वास नसलेल्याला ते कळणार नाही. ताई, उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवा. सगळं उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप आनंद करतोय आणि हा बाहेर उभा राहून हिशेब काढतोय. तुम्ही त्याच्या जागी उभ्या आहात. दावीद राजासुद्धा ५१व्या स्तोत्रात म्हणतो, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. पाप शेवटी देवाविरुद्धच असतं. देवाने धुतलेलं तुम्ही परत मळवू नका.

नगरची_लेक

दावीदाने ते म्हटलं तेव्हा, ज्याची बायको घेऊन ज्याला त्याने मारवलं, तो उरीया मेलेला होता. त्याला विचारायची सोयच नव्हती.

बिरुयाकर

मी पाळक नाही, नुसता बायबल वाचणारा माणूस. पाळकसाहेबांनी दिलेलं वचन एकदा नीट उघडून बघा. मत्तय ५:२३ मध्ये 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असं नाही. तुझ्या भावाच्या मनात *तुझ्याविरुद्ध* काही आहे, असं आठवलं तर. म्हणजे अर्पण ठेवून उठायचं ते ज्याने दुखावलं त्याने. हे वचन वाचून उठून तुमच्याकडे यायला हवं होतं ते पप्पांनी. आणि प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असं पौल करिंथकरांना लिहितो. दुसऱ्याची करून त्याला रांगेतून बाहेर काढावं, असं तिथे नाही.

सेवकभाऊंचा उधळा पुत्रही घेऊ. तो घरी येण्याआधी काय बोलायचं ते मनाशी ठरवतो: बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केलंय. स्वर्गापाशीच थांबला नाही तो. जकातदार जक्कयानेही नुसतं देवाचं नाव घेतलं नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. लूक १७:३ तर सरळच आहे: भावाने पाप केलं तर त्याला दटाव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर.

वसईचा_म्हातारा

लूक काढलात, मग मार्क ११:२५ पण काढा. प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे पश्चात्तापाची अट कुठे आहे? वधस्तंभावरून प्रभूने बापाजवळ क्षमा मागितली तेव्हा खाली शिपाई त्याच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकत होते. कुणी सॉरी म्हटलं नव्हतं.

भरपाईचं तुमचं मान्य. आमच्याकडे कन्फेशनमध्ये कुणी चोरी सांगितली तर फादर विचारतात, माल परत केलास का? पण समोरचा सुधारेपर्यंत मी थांबणार म्हटलं, की माझ्या मनाची किल्ली त्याच्याच खिशात राहते. माझा धाकटा भाऊ असा थांबला होता, वाडीच्या वाटणीवरून. ज्याच्यावर राग तो कधीच मेला, राग तसाच राहिला.

स्पष्टवक्ता

म्हणजे पुन्हा सगळी मेहनत तिनेच करायची. वा.

पाळकाची_बायको

तीस वर्षं चर्चचं घर सांभाळलंय, म्हणून सांगते. माफ कर किंवा नको करू, पुढे जाऊन मिठी मात्र मारू नकोस. दुपारच्या जेवणाआधी फोटो ग्रुपवर येतो, खाली 'आमेन'ची रांग लागते, आणि नंतर तू कधी रडलीस तर म्हणतात, अजून मनात ठेवलंय वाटतं.

अलिबागकर

ख्रिस्ती नाही, पण लहानपणापासून शेजार बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचा. यहुदी परंपरेत योम किप्पूरचा (प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) उपास देवाविरुद्धच्या पापांसाठी. माणसाचं वाईट केलं असेल तर आधी त्या माणसाची समजूत काढायची, त्याशिवाय उपास लागू पडत नाही. आणि तो माणूस मेला असेल तर? यहुदी धर्मपंडित मैमोनिदेसने बाराव्या शतकात लिहून ठेवलंय: दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जा आणि सगळ्यांसमोर सांग, मी देवाविरुद्ध आणि याच्याविरुद्ध पाप केलं. काय केलं तेही सांग. येशू आणि त्याचा शिष्य पेत्र याच लोकांतले, म्हणून लिहिलं.

सियोन_सेवक

आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत. माणसांचे विधी इथे आणू नका.

नगरची_लेक

सगळ्यांचं वाचलं. वसईचे काका, तुमचा राग नाही आला. किल्लीचं बोललात ते खरं आहे, रात्री झोप मलाच येत नाही. पण राणी मारियाची बहीण स्वतःहून गेली होती. तिला कुणी रविवारची तारीख दिली नव्हती.

एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. डायलिसिसच्या दिवशी डबा मीच नेते. ज्वारीची भाकरी, मीठ कमी. ही क्षमा आहे की सवय, मला माहीत नाही. ते जेवेपर्यंत मी बाहेर बाकावर बसते.

मंगळवारी डबा परत घेताना त्यांना सरळ विचारलं, साक्षीत आईचं नाव का नाही घेतलं? बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, लाज वाटली. आणि विचारलं, ती कब्रस्तानात कुठल्या बाजूला आहे? आठ महिने इथे राहून पहिल्यांदा विचारलं.

मी अजून सांगितलेलं नाही. प्रभुभोजन घेणार आहे, पुढे जाणार नाही. पाळकसाहेबांना तसा निरोप दिलाय, आणि मत्तय ५:२३ पुन्हा वाचा म्हणून कळवलंय.