मदत हवी आहे: हॅटरसला आई-बाबांना घेऊन जातोय, वादळ आलं तर निघायचं कधी आणि कसं?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यासाठी नॉर्थ कॅरोलायनाच्या आउटर बँक्समध्ये, हॅटरस बेटावरच्या एव्हन गावात घर घेतलंय. शनिवार ते शनिवार. याच राज्यातल्या केरी शहरातून आम्ही चौघं, न्यू जर्सीहून बहिणीचं कुटुंब आणि श्रीवर्धनहून आलेले आई-बाबा. आईला आता एवढा लांबचा प्रवास पुन्हा झेपेल असं वाटत नाही, म्हणून सगळे एकाच घरात राहू हा हट्ट माझा. पैसे भरून झाल्यावर कळलं की अटलांटिकमधल्या वादळांचा भर नेमका १० सप्टेंबरच्या आसपास असतो. तेव्हापासून झोप नीट नाही.

बेटावरून गाडीने बाहेर पडायला हायवे १२ हा एकच रस्ता. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला पाम्लिको साउंड, म्हणजे बेट आणि मुख्य जमीन यांच्यामधली रुंद खाडी. २०११ मध्ये आयरीन वादळाने तो रस्ता दोन ठिकाणी तोडला होता. दक्षिणेला ओक्राकोक बेट, पण तिथे जायला आणि तिथून पुढेही फक्त फेरी.

बाबांचं म्हणणं वेगळंच. ३ जून २०२०ला निसर्ग आलं तेव्हा दोघं घरातच होती. कौलं उडाली, सुपारीची वाडी आडवी झाली, दोघं माजघरात भिंतीला टेकून बसली आणि वाचली. त्यामुळे "वादळात घर सोडायचं नसतं" हे त्यांचं पक्कं मत. त्यांचं इन्शुलिन चालू आहे, आईचे गुडघे दुखतात आणि घर उंच खांबांवर आहे, जिनेच जिने. घर साउंडच्या बाजूला आहे, म्हणजे लाटांपासून लांब. तिथेच थांबणं बरं, की लगेच निघणं? आणि भाड्याच्या पैशांचं काय होतं?

प्रतिसाद १

ऑगस्ट २०२५ मध्ये एरिन वादळाच्या वेळी आम्ही याच बेटावरच्या रोडांथी गावात होतो, म्हणून कळकळीने लिहिते. बेट सोडण्याचा हुकूम निघाला तेव्हा वादळ शेकडो मैल लांब होतं, मुलं वाळूत खेळत होती. आधी पर्यटकांनी निघायचं, रहिवाशांनी दुसऱ्या दिवशी. आमच्यातले दोघं म्हणत होते, उद्या बघू. मी ऐकलं नाही. एरिन किनाऱ्यावर आलंच नाही, बाहेरून गेलं, तरी लाटा वाळूचे बंधारे ओलांडून हायवे १२वर आल्या. तेव्हा आम्ही कधीच घरी पोचलो होतो.

बाबांना एवढंच सांगा: श्रीवर्धनला घरामागे जमीन आहे, डोंगर आहे. इथे घराच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे. घर टिकलं तरी रस्ता गेला की औषध, वीज, डॉक्टर काहीच पोचत नाही.

साउंडच्या बाजूला निर्धास्त राहू नका. २०१९ मध्ये डोरियनच्या वेळी ओक्राकोक बुडालं ते साउंडच्या पाण्याने. वारा आधी पाणी पलीकडच्या काठाकडे रेटतो आणि दिशा फिरली की तेच पाणी एकदम परत येतं. नंतर रस्त्यावर यायला वेळ मिळत नाही.

प्रतिसाद २

पैशांबद्दल. इथल्या कायद्याप्रमाणे सक्तीच्या स्थलांतराचा हुकूम आला तर राहायचं हुकलेल्या रात्रींचं भाडं मालकाने परत द्यायचं असतं. पण अशा नुकसानीची भरपाई देणारा विमा करारासोबत देऊ केला असेल, तर तो घेतला असो की नाकारला असो, मालकाकडे मागता येत नाही. मग भरपाई विम्यातूनच. त्यामुळे आजच करार काढून तेवढं कलम वाचा. विमा नसेल आणि अजून घेता येत असेल तर आत्ताच घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळाला लागू होत नाही.

निघताना हायवे १२, ६४ आणि १५८ जिथे मिळतात त्या व्हेलबोन जंक्शनला पोचलात की सगळेच डावीकडे हायवे ६४ने, मँटीओवरून केरीकडे या. बहिणीलाही उत्तरेकडे १५८ने जाऊ देऊ नका. घराकडची वाट म्हणून जर्सीची माणसं तिकडेच वळतात, पण कुटुंब दोन दिशांना पांगलं तर आई-बाबांचा जीव टांगणीला लागेल. पेट्रोल अर्ध्याखाली उतरू देऊ नका. पासपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत, आणि ती पिशवी दाराशी.

मूळ प्रश्नकर्ता

खूप खूप आभार. 'दोन्ही बाजूंना पाणी' हे नकाशावर दाखवल्यावर बाबा बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "ह्या पट्टीची रुंदी किती?" एव्हनच्या उत्तरेला काही ठिकाणी अर्धा मैलही नाही, म्हटलं. त्यानंतर वाद झाला नाही. पर्यटकांचा हुकूम आला की त्याच दिवशी निघायचं ठरलंय. करारात विमा देऊ केला होता आणि आम्ही न वाचता 'नको' केलं होतं. उद्या फोन करून अजून घेता येतो का विचारते.

एक राहिलं: गर्दीत गाडी सहा-सात तास अडकली तर इन्शुलिन नुसत्या बर्फाच्या पेटीत ठेवायला भीती वाटते, गोठलं तर वाया जाईल. कोणी असा प्रवास केला असेल तर काय वापरलंत, ते नक्की सांगा.