मुलाखतीत ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतल्या, परत कशा मागू?

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे.

मंगळवारी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्ससाठी मुलाखत होती. वेळ साडेदहाची. वर्धमाननगरहून मेट्रोने लोकमान्यनगर, पुढे ऑटो, सव्वादहालाच पोचले. आत बोलावलं पावणेदोनला. उशीर होतो, समजू शकते. पण तीन तासांत कुणी 'थोडं थांबा' एवढंही म्हटलं नाही. साहेब मोबाइल बघतच बोलत होते. टॅली, जीएसटीवर जेमतेम दोन प्रश्न, मग थेट 'लग्न कधी करताय? नंतर नोकरी सोडाल ना?' मी फाइल घट्ट धरून बसले, उत्तर सुचलंच नाही. भरतीत स्त्री-पुरुष भेद करता येत नाही, वेतन संहिता २०१९ मध्ये तसं स्पष्ट आहे. पण नोकरी मागायला गेल्यावर हे तोंडावर कसं बोलायचं?

निघताना बीकॉमच्या सहाही सेमिस्टरच्या ओरिजिनल मार्कशीट 'व्हेरिफिकेशनला' ठेवून घेतल्या. पावती दिली नाही. मी झेरॉक्स देत होते, पण त्या नको म्हणाले. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

आता शुक्रवारी दुसऱ्या राउंडला बोलावलंय. त्याच दिवशी बुटीबोरीत दुसरी मुलाखत आहे. तिथल्या मॅडम फोनवर फार आपुलकीने बोलल्या, पत्ता, बस सगळं सांगितलं. त्यांना न कळवता दांडी मारणं मला पटत नाही.

मार्कशीट आधी मेलवर मागू की सरळ जाऊन घेऊ? मेलमध्ये नेमकं काय लिहू? आणि लग्नाचा प्रश्न पुन्हा आला तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं? एचआरमध्ये काम करणाऱ्यांनी जरूर सांगा.