आजीचं बंद हातमशीन आणि खणातलं अर्धवट भरतकाम: आधी कशाला हात लावू?

धावदोरा

आजीचं काळं, सोनेरी नक्षीचं हातमशीन वीसेक वर्षं झाकणाखाली पडून होतं. आता ते चालू करायचंय. लक्षणं अशी: चाक फिरतं, पण दर फेरीला एका ठरावीक जागी अडकतं. जोर लावला की पुढे जातं. टीप वरून बरी दिसते, खालून मात्र दोऱ्याचं जाळं होतं. बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची चकती, म्हणजे बॉबिन, बसते त्या डबीचा) स्क्रू घट्ट करून पाहिला, जाळं उलट वाढलं. बॉबिन गोल, दोन्ही बाजूंनी सपाट, व्यास २० मिमीच्या आसपास.

दुसरं, खणात पांढऱ्या सुती कापडावर अर्धवट भरलेला वेल सापडला. लाल आणि हिरवा दोरा आहे, छापाच्या निळ्या रेघा अजून दिसतात. रिंग तशीच लावून ठेवलेली होती, तिचा पिवळट गोल उमटलाय. टोचून ठेवलेल्या सुईखाली गंजाचा डाग आहे. हे धुवायचं का, आणि वेल पूर्ण करायचा का?

एक अट. मशीनच्या पुढच्या कडेची नक्षी आजीच्या हाताने झिजलीय, ती झीज तशीच राहायला हवी. नवं कोरं दिसावं हा हेतूच नाही.

तेलकुपी

पहिलं काम, बॉबिन केसचा स्क्रू होता तिथे परत आणा. जाळं खाली दिसतं म्हणून सगळे खालचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, पिळतात, पण खालचं जाळं म्हणजे वरचा दोरा सैल. खालचा जितका आवळाल तितका तो वरच्याला खाली ओढणार. तुमचं जाळं वाढलं ते त्यामुळेच.

स्क्रूची मूळ जागा आठवत नसेल तर बॉबिन केसमध्ये घालून दोरा हातात धरा आणि केस लोंबू द्या. आपोआप घसरत खाली गेली तर सैल आहे. मनगटाला हलका झटका दिल्यावर ३-४ सेंमी उतरून थांबली की बरोबर. स्क्रू एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नका आणि ते काम पांढऱ्या कपड्यावर करा. तो एवढासा स्क्रू फरशीवर पडला की गेलाच समजा.

आता अडकण्याचं. जुनं तेल घट्ट झालं असेल तर चाक सगळीकडे सारखंच जड लागतं. तुमचं एकाच जागी अडकतं, म्हणजे वाटेत काहीतरी आहे. या क्रमाने बघा:

१. सुई काढा आणि फिरवा. मोकळं झालं तर सुई वाकडी होती किंवा चुकीची बसली होती.
२. बॉबिन भरायचं छोटं चाक मोठ्या चाकाला टेकलेलं नाही ना, ते पाहा. रबराची कडी कडक होऊन घासत असते.
३. बॉबिन केस काढून फिरवा.
४. तरीही अडकलं तर शटल (सुईचा दोरा खाली पकडणारा फिरता भाग) बाहेर काढा. त्याच्या मागे, शटल फिरतं त्या खाचेत, दोऱ्याचा तुकडा गुंडाळलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. चिमट्याने ओढा, पण आधी खाचेत रॉकेलचे दोन थेंब टाकून तासभर थांबा. तुटका तुकडा आत राहिला तर पुन्हा तेच.
५. सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचला. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांची लव दाबून नमद्यासारखी घट्ट झालेली असते. दाते पूर्ण वर येत नाहीत, कापड सरकत नाही, आणि आपण दोष टाक्याच्या लांबीला देतो.

मग तेल. प्रत्येक भोकात आणि जिथे धातूवर धातू घासतो तिथे एकेक थेंब रॉकेल, चाक २-३ मिनिटं फिरवायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी तपकिरी राड येईल ती पुसायची. रॉकेल मळ सोडवतं, वंगण देत नाही, त्यामुळे लगेच शिलाई मशीनचं पातळ तेल हवंच. खाद्यतेल अजिबात नको, ते काही महिन्यांत डिंक होतं. वरच्या टेन्शनच्या चकत्यांना (वरचा दोरा ज्यांच्यामधून दाबून जातो त्या) तेल लावायचं नाही. तिथे दोऱ्याने नुसतं पुसा.

उसवण

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त रॉकेल रंगावर सांडू देऊ नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्पिरिट किंवा सॅनिटायझरचा बोळा नक्षीच्या आसपासही नेऊ नका. या जुन्या मशीनांच्या सोनेरी नक्षीवर बहुधा लाखेचा पारदर्शक थर असतो. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि त्याखालचं सोनेरी बोळ्यावर येतं. झीज जपायचीय ना, मग शिलाईचंच तेल मऊ सुती कपड्यावर घेऊन पुसा, थोडा वेळ राहू द्या, कोरड्या कपड्याने टिपा. एवढं पुरे. गंज असेल तर सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून वापरायची, तीही फक्त उघड्या चकचकीत भागांवर.

जाळ्याबद्दल: टेन्शन वाढवण्याआधी दोरा ओवण्याची पद्धत तपासा. फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये बसतच नाही, वरून तरंगतो. फूट वर, मग ओवायचं. ओवून झाल्यावर फूट खाली करा आणि दोरा ओढा, हाताला स्पष्ट विरोध लागला पाहिजे. लागला नाही तर चकत्यांत लव आहे किंवा दोरा बाहेर आहे.

सुई नवी घ्या. गोल सपाट बॉबिनच्या मशीनला बहुतेक वेळा आजची घरगुती सुईच चालते, पाकिटावर १३०/७०५ एच किंवा १५×१ लिहिलेली. साध्या सुती कापडाला ९०/१४ नंबर. यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिमी. नव्या मशीनवर सपाट बाजू मागे असते, म्हणून हात आपोआप तशी लावतो. जुन्या मशीनवर ती बऱ्याचदा डावीकडे असते. नियम असा: सुईची लांब खाच ज्या बाजूला, तिकडून दोरा आत जातो आणि सपाट बाजू शटलकडे राहते. उलटी लागली तर टाका पडतच नाही किंवा चुकत राहतो.

खणातली जुनी रिळं मशीनवर नको. हातभर दोरा ओढून बघा, झटक्यात तुटला तर तो कुजलाय. तुटत तुटत तो टेन्शनमध्ये लव भरतो. रिळं ठेवून द्या.

देठटाका

भरतकामाचं मी सांगते. सगळ्यात आधी इस्त्री नाही. ना डागावर, ना निळ्या रेघांवर. पाण्याने जाणारी शाई असली तरी उष्णतेने ती पक्की बसू शकते.

रिंग आणि सुई काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, उलट बाजूचा नक्की. दोरा कुठून कुठे उडी मारतो, गाठ मारलीय की टाक्यांखाली शेपूट घुसवलंय, हे तिथेच कळतं. सुई गंजून चिकटली असेल तर ओढू नका. सुईच्या नेढ्याजवळ दोरा कापा आणि सुई टोकाच्या बाजूने हळू फिरवत काढा.

रंग पक्का आहे का ते पाहायला ओला पांढरा बोळा उलट बाजूने प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबा. लालसाठी दोन ठिकाणी बघा. बोळ्यावर गुलाबी आलं तर कापड बुडवायचंच नाही. त्या स्थितीत कोरडी धूळ मऊ ब्रशने झाडून थांबा.

रंग पक्का निघाला तर आधी गंज, मग पिवळेपणा. हा क्रम उलटला तर कापडाला भोक पडतं. ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर आणि लोखंड एकत्र आले की त्या जागचे तंतू झपाट्याने जळतात. क्लोरीनची ब्लीच तर दोन्हीला नको, तिने गंज आणखी पक्का होतो. गंजासाठी एक चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड कपभर कोमट पाण्यात, बोळ्याने फक्त डागावर, ५ मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. गरज पडली तर पुन्हा. ॲसिड कापडात राहिलं तर सूत ठिसूळ होतं, म्हणून धुण्यात कंजुषी नको. डागाच्या जागी सूत आधीच कमजोर असतं, चोळू नका.

मग कोमट पाणी, सौम्य साबण, अर्धा तास बुडवून ठेवणं. पाणी पिवळं झालं की बदला. रिंगचा गोल उरलाच तर ऑक्सिजन पावडर डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मी. तीही दोरा सुती असेल तरच, रेशीम किंवा लोकर असेल तर नाही. मध्येच रंग सुटताना दिसला तर वाळू देऊ नका, रंग येणं थांबेपर्यंत गार पाण्यात धूत राहा. वाळला की पांढऱ्यावर तो बसलाच.

उचलताना टॉवेलवर घेऊन उचला, ओल्या कापडाचं वजन टाक्यांवर येतं. टॉवेलवरच पसरून वाळवा. इस्त्री सगळ्यात शेवटी, डाग आणि रेघा गेल्याची खात्री झाल्यावर, जाड टॉवेलवर भरतकाम पालथं ठेवून. म्हणजे टाके दबत नाहीत.

पूर्ण करायचं का, हा तुमचा निर्णय. माझं मत: करा, पण वेगळं ओळखू येईल असं. करणार असाल तर दोऱ्याची छटा दिवसाच्या उजेडात जुळवा. उलट बाजूला मूळ रंग दिसतो, सुलट बाजूला उडालेला. नवं काम जुन्याशेजारी बसायचं असेल तर सुलट बाजूशी जुळवायचं. किती पदर वापरलेत ते सुटलेल्या शेपटावरून मोजा. सहा पदरी दोऱ्यातले बहुधा २ किंवा ३ असतात. एका सेंमीत किती टाके बसतात तेही मोजा. देठ टाक्यात दोरा सुईच्या खालच्या बाजूला ठेवलाय की वरच्या, ते बघा. खाली ठेवला तर दोरीसारखा पीळ दिसतो, वर ठेवला तर रेघ सपाट येते. एका वेलात दोन्ही मिसळले की कुठे हात बदलला ते लांबूनही कळतं.

आणि जुना एकही टाका उसवू नका, वाकडा असला तरी.

धावदोरा

शटलमागे लाल दोऱ्याचा वीतभर तुकडा निघाला, वेलातल्या दोऱ्यापेक्षा बराच जाड. चाक आता मोकळं आहे. लाल रंग पक्का निघाला, कापड पहिल्या पाण्यात आहे.

नवी अडचण: साफसफाईत चाकाच्या मधली गोल मूठ आणि तिच्यामागची दातेरी चकती काढली होती. परत बसवल्यावर चाक फिरतं, सुई हलतच नाही. मूठ कितीही आवळली तरी तेच.

तेलकुपी

चकती उलटी किंवा अर्ध्या फेरीने चुकीची बसलीय. तिच्या आतल्या कडेला दोन छोटे वाकवलेले कान आहेत, ते बाहेर, म्हणजे तुमच्याकडे हवेत. तसे असूनही चाक सुटं राहिलं तर चकती दांड्यावरच १८० अंश फिरवून बसवा. दोनपैकी एकाच स्थितीत मूठ नीट आवळते. शेवटी मुठीतला बारीक स्क्रू लावायला विसरू नका, नाहीतर बॉबिन भरताना मूठ सैल केली की ती सगळी हातात येईल.

हातमशीनच्या दांडीला दात्यांची चाकं मध्ये असल्याने दांडी तुमच्यापासून लांब फिरवायची असते, तेव्हा मोठं चाक तुमच्याकडे फिरतं. चाक उलटं गेलं तर दोरा पुन्हा शटलमध्ये अडकेल. पहिली टीप जाड पांढऱ्या चिंधीवर घाला, टाका २.५ मिमी, आणि तेलाचे डाग पडायचे थांबेपर्यंत चिंधी बदलत राहा. धुतलेलं ते कापड त्याआधी मशीनजवळ आणू नका.